माहेरच्या जमिनीत मुलीचा वाटा: कायदा काय देतो आणि एका सहीने काय जाते?

शेतकरी वडिलांचे निधन झाले की काही आठवड्यांत घरात वारस नोंदीचा विषय निघतो. सातबाऱ्यावर आई आणि सगळ्या भावंडांची नावे चढवायची असतात. त्याच सुमारास लग्न झालेल्या बहिणींना माहेरून बोलावणे येते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सह्या होतात, साडी-चोळी होते आणि बहिणी सासरी परततात. त्यांनी सही केलेल्या कागदाचे नाव असते हक्कसोडपत्र. त्या एका कागदाने बहिणीचा जमिनीतला वाटा भावांच्या नावे होतो, आणि बहुतेक वेळा त्या बदल्यात तिला काहीही मिळालेले नसते.

मुलीला मुलाइतकाच वाटा देणारा कायदा महाराष्ट्रात १९९४ पासून आहे, देशभरात २००५ पासून. तरीही २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातल्या शेतजमीन कसणाऱ्या खातेदारांमध्ये महिलांचे प्रमाण सुमारे १४ टक्के होते आणि त्यांच्याकडचे क्षेत्र त्याहूनही कमी, १२ टक्क्यांच्या आत. पेरणी, खुरपणी, कापणी यांत बायकांचा हात किती असतो हे वेगळे सांगायला नको. शेतात बाई दिसते, सातबाऱ्यावर मात्र दिसत नाही. कायदा आणि कागद यांच्यात हे अंतर कसे पडले?

१९५६ पूर्वी काय होते?

महाराष्ट्रासह देशाच्या बहुतेक भागांत हिंदू कुटुंबांना मिताक्षरा पद्धत लागू होती. या पद्धतीत वडिलोपार्जित मिळकतीत मुलाला जन्मतःच हिस्सा मिळे. अशा जन्मसिद्ध हिस्सेदाराला कायद्याच्या भाषेत सहदायाद म्हणतात. मुलगी सहदायाद नव्हती. तिला माहेरच्या घरात पालनपोषण आणि लग्नाचा खर्च मिळे, हिस्सा मिळत नसे.

विधवांची अवस्था आणखी बिकट होती. १९३७ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळाने हिंदू स्त्रियांच्या संपत्तीच्या हक्काचा कायदा केला. तो मांडणारे डॉ. गो. वि. देशमुख यांच्यामुळे तो 'देशमुख कायदा' म्हणून ओळखला गेला. या कायद्याने विधवेला पतीच्या मिळकतीत वाटा दिला, पण तो मर्यादित होता. हयातीत ती उत्पन्न घेऊ शके; मिळकत विकण्याचे किंवा कुणाला देण्याचे मोकळे स्वातंत्र्य तिला नव्हते.

स्वातंत्र्यानंतर कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हिंदू कोड बिल पुढे नेले. विवाह, घटस्फोट, दत्तक आणि वारसा या सगळ्यांत स्त्रीला स्थान देणाऱ्या या विधेयकाला संसदेत आणि बाहेर कडवा विरोध झाला. मुलीला वारसा हक्क देण्याची तरतूद त्या वादाच्या केंद्रस्थानी होती. बिल रखडले आणि १९५१ मध्ये आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे हेच बिल तुकड्या-तुकड्यांनी मंजूर झाले. त्यातला एक तुकडा म्हणजे १९५६ चा हिंदू वारसा कायदा.

१९५६ च्या कायद्याने काय दिले आणि काय राखून ठेवले?

या कायद्यातल्या कलम १४ ने स्त्रीच्या ताब्यातली मिळकत पूर्णपणे तिच्या मालकीची केली. मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाच्या वर्ग एकच्या वारसांमध्ये मुलगा, मुलगी, विधवा आणि आई यांना समान वाटा मिळाला. हा मोठा बदल होता.

पण वडिलोपार्जित मिळकतीतली जन्मसिद्ध हिस्सेदारी मुलांपुरतीच राहिली. त्यामुळे हिशेब कसा बदलतो ते एका उदाहरणाने पाहता येते. समजा, वडिलांकडे १२ एकर वडिलोपार्जित जमीन आहे. आई हयात नाही. दोन मुलगे आणि एक मुलगी आहे.

जुन्या नियमानुसार वडिलांच्या मृत्यूच्या क्षणी आधी कल्पनेने वाटणी होई. वडील आणि दोन मुलगे, प्रत्येकी ४ एकर. मुलीला काही नाही. मग वडिलांचे ४ एकर तिन्ही भावंडांत समान वाटले जात, म्हणजे प्रत्येकी सुमारे १ एकर १३ गुंठे. अखेर प्रत्येक मुलाकडे सुमारे ५ एकर १३ गुंठे आणि मुलीकडे १ एकर १३ गुंठे.

नव्या नियमानुसार वडील, दोन मुलगे आणि मुलगी हे चौघे सहदायाद. प्रत्येकी ३ एकर. वडिलांचे ३ एकर तिघांत वाटले की प्रत्येकी १ एकर. अखेर तिघांकडेही ४ एकर. समान हक्क या शब्दाचा अर्थ इथे जवळपास २ एकर २७ गुंठे इतका आहे.

जुन्या कायद्यात राहत्या घराबद्दलही एक अट होती. घरात पुरुष वारस राहत असतील तर ते स्वतः वाटणी करायचे ठरवेपर्यंत मुलीला वाटणी मागता येत नसे. २००५ मध्ये ही अट काढून टाकण्यात आली.

आधी राज्ये बदलली, मग देश

केरळने १९७५ च्या कायद्याने एकत्र हिंदू कुटुंबाची पद्धतच रद्द केली. आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूने १९८० च्या दशकात मुलींना सहदायाद केले. १९९४ मध्ये कर्नाटक आणि महाराष्ट्राने तेच केले. महाराष्ट्राचे पहिले महिला धोरणही त्याच वर्षी आले.

महाराष्ट्राच्या दुरुस्तीत मात्र एक मेख होती. २२ जून १९९४ पूर्वी ज्यांची लग्ने झाली होती त्या मुलींना हा हक्क नव्हता. त्यामुळे एकाच घरात थोरली बहीण हक्काबाहेर आणि धाकटी हक्कात, असे प्रकार घडले.

९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राची दुरुस्ती देशभर लागू झाली आणि ही अट गेली. आता मुलीचे लग्न झाले आहे की नाही, कधी झाले, याचा तिच्या हिश्शाशी संबंध नाही. हक्काबरोबर कायद्याने जबाबदारीही तशीच दिली: मिळकतीवर जे बोजे मुलाला लागू, तेच मुलीलाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या वाटण्या आणि खरेदीखते या दुरुस्तीने मोडत नाहीत.

२०२० च्या निकालाने कोणता प्रश्न सुटला?

२००५ नंतरही एक वाद उरला. वडील ९ सप्टेंबर २००५ पूर्वीच वारले असतील तर मुलीला हक्क मिळतो का? सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये प्रकाश विरुद्ध फुलवती या प्रकरणात सांगितले की त्या दिवशी वडील हयात असायला हवेत. २०१८ मध्ये दानम्मा विरुद्ध अमर या प्रकरणात मात्र वडील आधी वारलेले असूनही मुलींना वाटा मिळाला. खालच्या न्यायालयांत गोंधळ झाला.

११ ऑगस्ट २०२० रोजी विनिता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने हा प्रश्न मिटवला. मुलीचा हक्क जन्माने येतो. म्हणून २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. "आमच्यात तोंडी वाटणी केव्हाच झाली होती" हा बचावही सहजासहजी चालणार नाही, असेही सांगितले. वाटणी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली असावी. तोंडी वाटणीला भक्कम सरकारी कागदांचा आधार असेल तरच अपवाद म्हणून ती मानली जाईल.

कोणत्या मिळकतीत हक्क आहे आणि कोणत्यात नाही?

इथे सर्वाधिक गैरसमज होतात.

वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीचा हिस्सा जन्मापासून आहे. वडील हयात असतानाही ती वाटणी मागू शकते. वडील त्या मिळकतीतल्या स्वतःच्या हिश्शाचे मृत्युपत्र करू शकतात, मुलीच्या हिश्शाचे नाही.

वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत, म्हणजे त्यांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेल्या जमिनीत किंवा घरात, त्यांच्या हयातीत मुलालाही हक्क नाही आणि मुलीलाही नाही. त्यांनी मृत्युपत्राने ती सगळी एका मुलाला दिली तर मुलीला केवळ 'मी मुलगी आहे' या कारणावरून ती मागता येत नाही. मृत्युपत्र नसेल तर मात्र आई, मुलगे आणि मुली यांना समान वाटा मिळतो.

गावातली प्रत्येक जुनी जमीन कायद्याने वडिलोपार्जित ठरतेच असे नाही. ती कुणाकडून, कधी आणि कशी आली हे जुन्या फेरफारांवरून ठरते. म्हणून वादात पहिला पुरावा हे फेरफारच असतात.

सुनेबद्दलही प्रश्न विचारला जातो. पतीच्या हयातीत पत्नी त्याच्या वडिलोपार्जित मिळकतीत सहदायाद नसते. पतीच्या मृत्यूनंतर ती वर्ग एकची वारस असते आणि तिचा वाटा मुलांइतकाच असतो.

हक्कसोडपत्र इतके सहज का होते?

हक्कसोडपत्र बेकायदा नाही. सज्ञान बहिणीने विचारपूर्वक, स्वखुशीने आपला वाटा सोडला तर तो तिचा निर्णय. भावाची स्थिती हलाखीची असेल, बहिणीचे सासरी बरे चालले असेल, तर अनेक जणी मनापासून सही करतात.

अडचण ही की स्वखुशी कुठे संपते आणि दडपण कुठे सुरू होते ते कागदावर दिसत नाही. वाटा मागितला की माहेर तुटेल, ही भीती सर्वांत मोठी. सासरी काही बिनसले तर परतायला दार हवे, भाऊबीजेला भाऊ हवा, मुलीच्या लग्नात मामा हवा. या सगळ्याची किंमत म्हणून जमीन सोडली जाते. ज्या भावाला कधीच सही करावी लागत नाही, त्याला ही किंमत मोजावी लागत नाही.

कागदी प्रक्रियाही भावांच्या बाजूने झुकलेली असते. भावंडांमध्ये मोबदला न घेता वडिलोपार्जित मिळकतीचा हक्क सोडायचा असेल तर मुद्रांक शुल्क नाममात्र असते. वकील भावाने आणलेला, मसुदा त्यानेच करून घेतलेला. बहिणीला अनेकदा 'वारस नोंदीसाठी सही' एवढेच सांगितले जाते. वारस नोंद आणि हक्कसोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीने नाव लागते, दुसरीने ते निघते.

काही गावांत जुन्या नोंदींमध्ये बहिणींची नावे मालकाच्या रकान्याऐवजी 'इतर हक्क' या रकान्यात टाकलेली आढळतात. नाव दिसते म्हणून बहीण निश्चिंत असते, पण खातेदार म्हणून ती मोजली जात नाही.

"लग्नात खर्च केला, आता वाटा कशाला?"

हा युक्तिवाद जवळपास प्रत्येक घरात ऐकू येतो. कायद्यात त्याला जागा नाही. हुंडा देणे-घेणे १९६१ पासून गुन्हा आहे आणि लग्नाचा खर्च म्हणजे वाटणी नव्हे. लग्नावर खर्च झालेला पैसा बहुतेक मांडव, जेवणावळी आणि मानपान यांतच जातो. मुलीच्या नावावर त्यातले फारसे काही उरत नाही. शिवाय लग्न मुलांचेही होते.

दुसरा युक्तिवाद जमिनीचे तुकडे होण्याचा. ही अडचण खरी आहे. पण दोन-तीन भावांत वाटणी होतानाही तुकडे पडतातच. तेव्हा कुणी धाकट्या भावाला हक्क सोडायला सांगत नाही. जमीन प्रत्यक्ष न मोडता बहिणीला तिच्या वाट्याची किंमत देणे, किंवा नाव कायम ठेवून भावाने कसणे आणि उत्पन्नातला वाटा देणे, असे मार्ग उपलब्ध आहेत.

तिसरा मुद्दा आई-वडिलांना सांभाळण्याचा. मुलाबरोबर मुलीवरही आई-वडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी कायद्याने टाकलेली आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात अपत्य या शब्दात मुलगीही येते. जबाबदारीत मुलगी समान आणि वाट्यात नाही, असा अर्थ कायदा काढू देत नाही.

जमीन नावावर असण्याने काय बदलते?

पीककर्ज, पीएम-किसानचे हप्ते, जमीन संपादन झाल्यावर मिळणारा मोबदला, हे सगळे नाव पाहून दिले जाते. शेतात राबणारी बाई कागदावर शेतकरी नसेल तर यातले बरेच काही तिच्यापर्यंत पोहोचत नाही. पतीच्या आत्महत्येनंतर किंवा अकाली मृत्यूनंतर हे जास्त बोचते, कारण तेव्हा कर्ज घरात असते आणि जमीन सासऱ्याच्या नावावर.

याहून महत्त्वाचे बदल घराच्या आत होतात. अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल आणि प्रदीप पांडा यांनी केरळच्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यात सुमारे ५०० विवाहित महिलांचा अभ्यास केला. ज्यांच्या नावावर घर किंवा जमीन काहीच नव्हते, त्यांच्यापैकी ४९ टक्के महिलांनी पतीकडून मारहाण झाल्याचे सांगितले. घर आणि जमीन दोन्ही नावावर असलेल्यांमध्ये हे प्रमाण ७ टक्के होते. कारण समजायला अवघड नाही. ज्या बाईला जायला स्वतःची जागा आहे, तिच्यावर हात उचलताना विचार करावा लागतो.

महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या १९९४ च्या दुरुस्त्यांचाही अर्थतज्ज्ञांनी अभ्यास केला आहे. कायद्यानंतर मुलींना जमीन मिळण्याची शक्यता वाढली, त्यांच्या शिक्षणावर आणि लग्नाच्या वयावरही चांगला परिणाम दिसला. मुलगा-मुलगी अंतर मात्र पूर्ण मिटले नाही.

महाराष्ट्रातला एक वेगळा प्रयत्न

कायद्याची वाट न पाहता हा प्रश्न गावात सोडवण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात झाला आहे. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड येथे शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन भरवले. पुढे 'लक्ष्मी मुक्ती' ही मोहीम सुरू झाली. शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा तुकडा स्वखुशीने पत्नीच्या नावे करावा, आणि ज्या गावात शंभर कुटुंबे असे करतील त्या गावाचा गौरव व्हावा, अशी ती कल्पना होती. घरच्या लक्ष्मीचे ऋण फेडा, हे आवाहन शेतकऱ्यांना भिडले आणि शेकडो गावांनी प्रतिसाद दिला. पतीच्या संमतीने पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लावण्याची सोय सरकारनेही केली.

अलीकडची एक सवलत शहरांत अधिक वापरली जाते. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात महिलेच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे.

हिंदू कायद्याबाहेर काय स्थिती आहे?

वरचे नियम हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना लागू आहेत. मुस्लिम वारसा नियमांत मुलीला वाटा निश्चित आहे, पण भाऊ असेल तर तो त्याच्या निम्मा. ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांना भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू होतो आणि त्यात मुलगा-मुलगी समान आहेत.

गोव्यात धर्म कोणताही असो, वारशाचा कायदा एकच आहे. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या या पद्धतीत मुलगा आणि मुलगी समान वारस असतात आणि मिळकतीचा निम्मा भाग त्यांच्यासाठी राखीव असतो. मृत्युपत्र करूनही पालकांना मुलीला त्यातून सहजी वगळता येत नाही. उरलेल्या भारतात अशी राखीव मर्यादा हिंदू कायद्यात नाही.

अनुसूचित जमातींना हिंदू वारसा कायदा आपोआप लागू होत नाही. तिथे रूढी चालते आणि ती अनेकदा मुलींना वगळते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात स्त्रीला वाटा नाकारणे समानतेच्या हक्काविरुद्ध ठरवले.

कायद्यातच उरलेली विषमता

स्वतः स्त्री वारली तर तिची मिळकत कुणाला जाते, हे कलम १५ सांगते. मृत्युपत्र नसेल तर आधी मुले आणि पती. ते कुणी नसतील तर पतीचे वारस. तिचे आई-वडील त्यानंतर. माहेरून वारशाने आलेली मिळकत, मुले नसल्यास, वडिलांच्या वारसांकडे परत जाते. तिने स्वतः कमावलेली मात्र सासरकडे जाते.

२००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असे प्रकरण आले. लग्नानंतर काही महिन्यांतच पती वारला, सासरने घराबाहेर काढले, माहेरच्यांनी शिकवले आणि ती नोकरीला लागली. तिच्या मृत्यूनंतर कायद्याच्या अक्षराप्रमाणे तिची कमाई सासरच्या वारसांना गेली. कलम तेव्हा होते तसेच आजही आहे. म्हणून कमावत्या बाईने मृत्युपत्र करून ठेवणे हाच साधा उपाय आहे.

वारस नोंदीच्या वेळी काय पाहावे?

- मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, वारसाचा अर्ज द्यायचा असतो. त्यात सर्व मुलींची नावे आहेत का ते पाहावे.
- फेरफार मंजूर होण्यापूर्वी संबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी १५ दिवस असतात. हरकत लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.
- फेरफार चुकीचा मंजूर झाला तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते. त्याची मुदत ६० दिवस आहे.
- सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार यांच्या प्रती काढून घ्याव्यात.
- सही करण्यापूर्वी कागदाचे शीर्षक वाचावे. हक्कसोडपत्र असेल तर घरी नेऊन, दुसऱ्या जाणकाराला दाखवून मगच ठरवावे. त्या दिवशी सही करण्याचे कोणतेही बंधन नसते.
- स्थावर मिळकतीचे हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागते. साध्या कागदावरच्या किंवा फक्त नोटरी केलेल्या सहीने वाटा जात नाही.
- फसवून किंवा धमकावून सही घेतली असेल तर ते समजल्यापासून तीन वर्षांच्या आत दिवाणी न्यायालयात दस्त रद्द करण्याचा दावा लावता येतो.
- सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून मालकी संपत नाही. सातबारा हा महसुलाचा अभिलेख आहे. वाटणीचा दावा दिवाणी न्यायालयात चालतो.
- महिलेला, तिचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठीची हेल्पलाइन १५१०० आहे.

बहिणीने वाटा घ्यावा की सोडावा, हे कायदा सांगत नाही. तो तिला ठरवण्याचा अधिकार देतो. वाटा किती आहे, त्याची किंमत काय आणि कागदावर काय लिहिले आहे, हे तिला सहीपूर्वी माहीत असले तरच तो अधिकार तिचा राहतो. आणि सही केली नाही तरी माहेरचे दार उघडेच राहील, हे सांगण्याचे काम मात्र भावांचे आहे.